नांदेड फिरून आलेला डबा

निलंग्याहून निघालेली नांदेड गाडी सकाळी आठ चाळीसला लातूरच्या स्टँडात शिरते आणि दहा मिनिटं थांबते. दहा म्हणजे दहाच. ड्रायव्हर धोंडप्पा खाली उतरून चहा पितो, तेवढ्यात त्याच्या सीटशेजारच्या बॉनेटवर मांडलेले डबे ज्याचे त्याने उचलायचे. वाटेतल्या फाट्याफाट्यावर पहाटे उठलेल्या बायांनी हात करून गाडी थांबवलेली असते, पिशवी आत दिलेली असते आणि 'पोराला म्हणावं गरम हाय तवर जेव' एवढं सांगितलेलं असतं. लातुरात शिकायला आलेली कितीतरी पोरं अशी एसटीच्या डब्यावर जगतात. राहिलेला डबा कुणी पळवत नाही, पण त्याच्यासाठी गाडीही खोळंबत नाही. तो बॉनेटवर बसून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जातो आणि साडेचारला त्याच गाडीने पुन्हा लातुरात येतो. मग अर्ध्या तासाने रिकामे डबे घेऊन गाडी निलंग्याकडे सुटते.

सुकन्याने या वेळापत्रकातली पळवाट बरोबर शोधून काढली होती. डोकं होतंच पोरीला. सकाळी गाडी हुकली तर साडेचारला भरलेला डबा घ्यायचा, स्टँडामागच्या नळावर रिकामा करायचा, विसळायचा आणि त्याच गाडीत परत ठेवायचा. सात वाजायच्या आत गावच्या फाट्यावर केवळाबाईच्या हातात घासलेला डबा पडतो, आणि पोरगी पोटभर जेवली म्हणून माय खूश. पोरगी दुपारी कोपऱ्यावरचा वडापाव खाऊन मोकळी झालेली असते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सुकन्या नळावर उभी राहून रडली होती. दुसऱ्यांदा नुसतं वाईट वाटलं. आता या महिन्यातली ही पाचवी वेळ होती, आणि आता तिला फक्त घाई असायची.

तिला एवढं काय काम होतं म्हणाल, तर मोबाईलचं. दुसरं काय असणार?

सुकन्या एकोणीस वर्षांची. मागच्या वर्षी नीटला मार्क थोडक्यात कमी पडले. आबांनी, म्हणजे किशनरावांनी, ओसरीवर बसून एकच वाक्य सांगितलं होतं, "एक वरीस देतो. मग मला काई सांगायचं न्हाई." त्या वर्षाच्या भरवशावर ती ट्यूशन एरियातल्या एका गल्लीत, इस्लापूरच्या विशाखासोबत एका खोलीत राहत होती. आणि अभ्यासाला शिस्त लागावी म्हणून तिने 'रिपीटर सुकन्या' नावाचं पेज काढलं. चार लोक बघत असले की माणूस नीट वागतं, असं तिचं म्हणणं. पहिला आठवडा खरंच छान गेला. टेबलावरच्या छोट्या स्टँडला मोबाईल लावायचा, त्याच्यासमोर आठ तास बसायचं आणि त्या आठ तासांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करून टाकायचा. लोकांनी बदाम पाठवले. लोक वाढत गेले. मग मोबाईल चालू आहे का बघायला ती उठू लागली. मग उजेड नीट पडतोय का बघायला. मग कालच्या व्हिडिओवर कोण काय म्हणालं ते बघायला. आठ तासांतला अभ्यास किती आणि उठबस किती, हे एका मोबाईललाच माहीत होतं, आणि तो नको तेवढं कापून टाकत होता.

आज 'पहाटे पाच वाजता उठणारी रिपीटर' असा व्हिडिओ करायचा होता. पोरगी खरंच पाचला उठली, पण अंधारात तिचा हातच दिसेना. म्हणून उजाडल्यावर ती पुन्हा पांघरूण घेऊन झोपली आणि पुन्हा उठली. तिसऱ्यांदा उठताना विशाखा दात घासत दारात उभी होती.

"आता किती वाजता उठून राहिलीस?"

"पाच."

"सव्वासहा झाले माय," विशाखा म्हणाली आणि चूळ भरायला गेली. विशाखाला सुकन्याच्या डब्याचा फार हेवा वाटायचा. इस्लापूरहून लातूरला डबा पाठवायचा तर त्याच्या भाकरीला वाटेतच बुरशी यायची, असं ती म्हणायची आणि मेसची पातळ डाळ गिळायची. आज सात वाजता क्लासला जाताना तिने दोनदा बजावलं, "डबा आण. गाडी हुकवू नको." सुकन्याने मान हलवली. आठ वीसचा गजर तिने लावलेलाच होता.

साडेसातला व्हिडिओ टाकला. पाचच मिनिटं बघू, म्हणून ती खुर्चीत बसली. पहिली कमेंट आली, दुसरी आली. औशाच्या कुणा पोरीने लिहिलं होतं की ताई तुला बघून मीपण उद्यापासून पाचला उठणार. सुकन्याला लाज वाटायला पाहिजे होती. तिला आनंद झाला. तिने उत्तर लिहिलं, मग ते खोडून जास्त चांगलं लिहिलं. आठ वीसला गजराची पट्टी वरून खाली आली आणि नेमकी त्या कमेंटवर बसली. सुकन्याच्या अंगठ्याने ती वर ढकलून दिली. झालं. अंगठ्याला आता स्वतःचं डोकं आलं होतं, तिला विचारायची गरजच नव्हती. पुन्हा घड्याळ दिसलं तेव्हा आठ सत्तावन्न झाले होते आणि धोंडप्पाची गाडी स्टँडाबाहेर पडलेली होती.

"गेली," ती खोलीला म्हणाली. मग साडेचारचा गजर लावला. एवढंच.

दुपारी एकला फोन आला. नाव दिसलं उमाबाईचं, म्हणजे माय. केवळाबाईकडे स्वतःचा फोन नव्हता. शेजारच्या उमाबाईचा घेऊन ती बोलायची, आणि दुसऱ्याचा फोन म्हणून दोन मिनिटांत ठेवायची. सुकन्या तेव्हा क्लासच्या जिन्यात बसून व्हिडिओखालचे आकडे बघत होती. तिने फोन कानाला न लावता स्पीकर चालू केला, म्हणजे बघता बघता बोलता येईल.

"डबा पोचला का?"

"हाव."

"उघडलास?"

"उघडला की. जेवले बी."

 पलीकडे बायांचा आवाज येत होता. "मग बघितलंस?"

"हाव, बघितलं."

"नीट बघितलंस न्हवं? घाई करू नको. सांग, आवडलं का?"

आता मायने काय घातलं असेल, शेंगदाण्याचा लाडू की नव्या लोणच्याची फोड, एवढाच प्रश्न सुकन्याच्या डोक्याला शिवून गेला, आणि तोही पुरता नाही. आकडा बघता बघता तीस हजारांवर गेला होता. "आवडलं गं माय. लई छान हाय."

"खरंच म्हणतीस?"

"खरंच. किती इचारतीस."

"मग कळवू तुझ्या आबाला?"

"कळव की."

 केवळाबाई म्हणाली, "बरं. मला वाटलं..." आणि काय वाटलं ते न सांगताच तिने फोन ठेवला.

तेवढं ते 'मला वाटलं' मात्र सुकन्याच्या कानात राहिलं. दोनच्या तासाला ती पहिल्या बाकावर बसली तरी फळ्यावरचं काही आत जाईना. काय वाटलं असेल मायला? लाडू आवडला म्हटल्यावर माय अशी बोलता बोलता का थांबली? तिने मोबाईल काढला, आकडा बघितला, ठेवला. परत काढला. आकडा वाढला होता आणि तिला काहीच वाटलं नाही, याचं तिला जास्त वाटलं. लाडू आवडला हे आबांना कळवायचं कशाला, हा प्रश्न तिला तीन वाजता पडला, आणि मग ती बाकावर बसूच शकेना. तास अर्धा टाकून ती बाहेर आली आणि सरळ स्टँडवर गेली.

गाडीच्या आधी ती स्टँडवर पोचली असं कित्येक दिवसांत झालं नव्हतं. आता तासभर करायचं काय? ती बाकावर बसली, उठली, फलाटाच्या टोकाला जाऊन आली. उमाबाईला फोन लावावा म्हणून नंबर काढला. पण विचारणार काय? 'माय, डब्यात काय होतं गं?' जेवले म्हणून सांगणारी पोरगी असं कसं विचारणार? तिने मोबाईल पिशवीत टाकला, आणि मिनिटभराने तो परत तिच्या हातात होता. कधी काढला ते तिला कळलंही नाही. त्या हाताचा तिला पहिल्यांदाच राग आला.

साडेचारला गाडी लागली. धोंडप्पाने तिला बघितलं आणि बॉनेटवरची पिवळी पिशवी उचलली. पिशवीवर केवळाबाईने लाल दोऱ्याने 'सुकन्या' असं नाव काढलं होतं. 'न्या' जरा तिरका गेला होता.

"अव्वा, ह्या डब्याला आता पास काढून दे," धोंडप्पा म्हणाला. "माझ्या बायकोनं बघितलं न्हाई तेवढं नांदेड ह्यानं बघितलं."

"काका, मायला..."

"मी कुठं सांगून राहिलो. तू पाया पडली म्हणून गप हाय. पण सकाळी तुझी माय फाट्यावर उभी असती ना, तिच्या तोंडाकडं बघवत न्हाई मला. आज तर मला म्हणली, धोंडप्पा, आजचा डबा तिच्या हातात पडल्याबिगर चहा बी पिऊ नको. मी वाट बघितली. चहा न पिताच गेलो."

 सुकन्या पिशवी घेऊन नळावर गेली. झाकण उघडलं तसा आंबूस वास आला. लाडू नव्हता. भाकरीवर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो होता आणि वहीचा चौघडी केलेला कागद. फोटोत पांढऱ्या शर्टातला एक पोरगा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. दिसायला वाईट नव्हता. सुकन्याने कागद उलगडला.

केवळाबाई सातवी शिकलेली. अक्षर मोठं, ओळी खाली उतरणाऱ्या.

'सुकन्या. भाकर खाऊन मग वाच. लोह्याचं स्थळ आलं. पोराचं नाव हरिओम, बँकेत हाय. तुझे आबा न मारोतीमामा आज घर बघाया लोह्याला गेलेत. पोरगा कामावरनं साडेपाचला येतो, मग तिथंच सुपारी फोडायची म्हणतेत. मी म्हणलं पोरीला इचारल्याबिगर न्हाई. आबा म्हणले इचार, तिनं नको म्हणलं तर फोडत न्हाई. शब्द दिला. म्या दुपारी उमाबाईच्या फोनवर इचारीन. समदे बसलेले असतील, मला काई बोलता येणार न्हाई, नुसतं आवडलं का म्हणीन. तुझ्या मनात नसलं तर आवडलं न्हाई एवढंच म्हण. मग आबा मला काय बोलायचं ते बोलू दे, मी उभी हाय. तुझं वरीस मोडू देणार न्हाई. माय.'

पाच वाजायला दहा मिनिटं होती.

तिने कागद दुसऱ्यांदा वाचलाच नाही. नळ तसाच वाहत होता. मागच्या बाईने तो बंद केला आणि 'पाणी काय फुकट हाय का' म्हणाली. मायने दार उघडून धरलं होतं, आणि हिने ते स्वतःच्या तोंडाने लावून घेतलं होतं. तेही काय करताना? तीस हजारांकडे बघताना. आपल्याच थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. तिने उमाबाईचा नंबर लावला.

"माय, ते स्थळ मला नको," उमाबाईने फोन दिल्या दिल्या ती म्हणाली.

"आता?" केवळाबाईचा आवाज बारीक झाला. "मी आबाला दुपारीच कळवलं. तू आवडलं म्हणलीस."

"मी बघितलंच नव्हतं. चिठ्ठी आता वाचली. सकाळी गाडी हुकली माझी."

"मग जेवले म्हणलीस ते?"

"खोटं बोलले."

 केवळाबाईने विचारलं, "पहिल्यांदाच?"

आता बघा, इथे 'हाव' म्हणाली असती तर कुणाला कळणार होतं? धोंडप्पा सांगणार नव्हता. शब्द तिच्या जिभेवर आलेला होता, महिनाभराच्या सवयीचा, आपोआप सुटणारा. तिने तो गिळला.

"न्हाई. ह्या महिन्यात पाच बार."

"शुक्रवारी मेथी होती," केवळाबाई म्हणाली. "पाल्यातनं एक एक पान निवडलं होतं, तुला देठ आवडत न्हाई म्हणून. तू म्हणलीस, लई गोड लागली."

"माय, चुकले मी."

"ते मग बघू. आबाला फोन कर. तू कर, मी न्हाई. मी केला तर म्हणतील माय पोरीला फितवून राहिली. दुपारी छाती ठोकून सांगितलं ना मी, पोरीनं नीट बघून हाव म्हणलंय. आता माझं कोण ऐकंल?"

फोन ठेवल्यावर सुकन्याने आबांचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. फलाटावर धोंडप्पाने हॉर्न दिला. डबे द्यायची वेळ झाली होती. ती तशीच फोन कानाला लावून धावत गेली आणि पिवळी पिशवी त्याच्या हातात दिली. पिशवी जड लागली तसं त्याने वर बघितलं.

"भरलेलाच देऊन राहिलीस?"

"भरलेलाच द्या. मायला सांगा, आजचा पाचवा."

गाडी निघाली. तिसऱ्या वेळी आबांनी फोन उचलला. मागे कपबश्यांचा आवाज होता, बरीच माणसं होती.

"बोल बाई. आता सुपारी आणायलाच गेले बघ," किशनराव म्हणाले. त्यांचा आवाज खुशीत होता. तसा आवाज तिने किती दिवसांत ऐकला नव्हता.

"आबा, स्पीकर बंद करा अगुदर."

"ते मला जमत न्हाई, तुला म्हाईत हाय. बोल की. घरचीच माणसं हायेत."

सुकन्याने डोळे मिटले. रोज हजारो लोकांसमोर बोलणारी पोरगी, आणि आता पुढे लोह्याची ती एकच बैठक. तिथे कापून टाकायची सोय नव्हती.

"आबा, सुपारी फोडू नका. मला लग्न न्हाई करायचं आता. माझं वरीस चालू हाय."

कपबश्या थांबल्या. "दुपारी हाव म्हणलीस तू."

"दुपारी मी फोटो बघितलाच नव्हता. चिठ्ठी बी न्हाई. मोबाईल बघत बसले, गाडी हुकली, डबा नांदेडला गेला. मायला खोटंच सांगितलं की जेवले म्हणून. मायची काई चूक न्हाई आबा, तिला बोलू नका. समदी चूक माझी हाय."

 मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, भांडणाचा नव्हे, साधाच. "तुम्ही तर म्हणलात पोरगी दिवसरात अभ्यास करती."

"ठेव," किशनराव म्हणाले, आणि त्यांना कुठलं बटण दाबायचं ते न सापडल्यामुळे फोन चालूच राहिला. पाटावरून कुणीतरी उठल्याचा, चपला शोधल्याचा आवाज सुकन्याला ऐकू येत राहिला. मारोतीमामा कुणाला तरी 'माफ करा, पोर हाय' म्हणत होते. शेवटी तिनेच फोन बंद केला.

सुपारी फुटली नाही. आबांनी घरी येऊन केवळाबाईला अवाक्षर बोलले नाहीत, तसंच सुकन्यालाही नाही. फोन केला तर उचलत नव्हते. वर्ष परत घेतो असंही म्हणाले नाहीत, हे एक बरं. केवळाबाईने उमाबाईकडून निरोप दिला, डबा येणार नाही, मेस लाव.

सुकन्याने विशाखाला सगळं सांगितलं. विशाखा म्हणाली, "हे सांग की पेजवर. खरं खरं. लई चालंल बघ." सुकन्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण विशाखा म्हणायच्या आधीच, रडत रडत, तिने मनात ठरवून टाकलं होतं की खिडकीकडे तोंड करून बसायचं आणि चिठ्ठी हातात धरायची. मायच्या अक्षरावर उजेड कसा पडेल इथपर्यंत तिचं झालेलं होतं.

तिने मोबाईल विशाखाच्या हातात दिला. "अभ्यासिकेतल्या तुझ्या कप्प्यात ठेव. किल्ली मला देऊ नको. एक वाजता मायचा फोन येईल तेव्हा दे, आणि संध्याकाळी टेस्ट द्यायला. मी मागितला तरी देऊ नको."

"शिव्या देशील."

"देईन. तरी देऊ नको."

आणि दिल्याही तिने, दुसऱ्याच दिवशी, अकरा वाजता. जीवशास्त्राचं पुस्तक समोर होतं आणि अंगठा पानावरून वर वर सरकत होता, जसं काही खालून नवं पान येणार आहे. पान तेच राहत होतं. एकेका पानाला इतका वेळ लागतो, हे ती विसरूनच गेली होती. उगाच उठून पाणी प्यावंसं वाटायचं, कुणीतरी आपल्याला काहीतरी म्हणालं असेल आणि आपण तिथे नाही असं वाटायचं. कुणीही काही म्हणालं नव्हतं. औशाची ती पोरगी सुद्धा दुसऱ्या कुणाला बघून पाचला उठायला लागली होती.

डबा येणार नाही हे माहीत असूनही ती सव्वाआठला स्टँडवर जाऊन उभी राहायची. पहिल्या दिवशी धोंडप्पाने नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "न्हाई दिला." तिसऱ्या दिवशी त्याने चहा मागवला आणि एक कप तिच्या हातात दिला. दोघं उभ्या उभ्या प्याले. एक वाजता तिने मोबाईल घेतला, पण उमाबाईचं नाव काही आलं नाही.

चौथ्या दिवशी बॉनेटवर पिवळी पिशवी होती.

"इचारत होती तुझी माय," धोंडप्पा म्हणाला. "पोरगी येती का स्टँडवर म्हणून. सांगितलं मी, रोज येती."

सुकन्याने डबा छातीशी धरून खोलीवर आणला. साडेबाराला विशाखासोबत जमिनीवर बसून उघडला. चिठ्ठी नव्हती. दोन ज्वारीच्या भाकरी, शेपूची भाजी, ठेचा, फोडलेला कांदा. विशाखाने मोठ्या आशेने पहिला घास घेतला आणि तो तसाच हातावर काढला.

"बाई गं. मीठच मीठ हाय."

सुकन्याने घास घेतला. खरंच, तोंड वाकडं होईल एवढं मीठ. माय कधी अशी चुकत नाही. रागात केली असेल का, असं तिला वाटलं आणि घास फिरायला लागला. विशाखा म्हणाली टाकून दे, मेसमधून डाळ आणते. सुकन्याने मान हलवली. ती एकेक घास पाण्यासोबत खाली ढकलत राहिली. दोन्ही भाकरी संपल्या, भाजी संपली. डब्याच्या तळाला लागलेलं पान सुद्धा तिने बोटाने काढून खाल्लं.

एकला फोन आला. विशाखाने मोबाईल तिच्या हातात दिला. तिने स्पीकर लावला नाही. कानाला लावला.

"जेवलीस?" केवळाबाईने विचारलं.

"हाव."

"काय होतं?"

"दोन भाकरी, शेपू, ठेचा, कांदा."

"कशी झालती भाजी?"

लई छान, असं तोंडात आलं होतं. चार दिवसांनी माय बोलत होती. तिला नाव कसं ठेवायचं? सुकन्याने रिकाम्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मीठ लई झालतं माय. तोंडात घेववत नव्हती."

पलीकडे केवळाबाईने एक लांब श्वास सोडला.

"मूठभर टाकलतं," ती म्हणाली. "बघत होते, काय म्हणतीस."

 सुकन्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने खांद्याला पुसलं.

"मग फेकलीस का?"

"न्हाई. समदी खाल्ली."

"येडी," केवळाबाई म्हणाली, आणि तिचाही आवाज ओला झाला. "एवढं मीठ खातेत का? पाणी पी. उद्या नीट करते."